एकाच कुशीवर

मी आमच्या वाडीची आशा सेविका आहे. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलीला चुलीपाशी गाठायचं आणि मूल कधी हवं, तांबी कधी बसवायची, निरोध वापरायला नवरा तयार आहे का, हे सगळं भाताच्या बियाण्याबद्दल विचारावं तितक्या सहज विचारायचं, हे माझं काम. पंधरा वर्षं झाली. सुरुवातीला जीभ अडखळायची. आता सासरे ओटीवर बसलेले असले तरी मी फक्त आवाज थोडा खाली घेते. त्यामुळे स्वतःबद्दल लिहायला काही अवघड जाणार नाही असं मला वाटलं होतं. पण पहिलं पान तीनदा फाडलं. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं सोपं असतं, तिथं हातात रजिस्टर असतं.

आमची वाडी तळेघरच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. घरात मी, मालक आणि सासूबाई. मुलगी अवसरीला इंजिनियरिंग कॉलेजात, होस्टेलवर राहते. मालक म्हणजे माझे यजमान, आमच्याकडे असंच म्हणतात. ते जीप चालवतात. सकाळी तळेघरहून माणसं भरायची, घोडेगाव करत मंचरला सोडायची आणि दुपारी परत यायचं. एसटी आली तर आली, नाही तर आमची जीप. त्यामुळे या पट्ट्यात त्यांना सगळे ओळखतात, आणि त्यांच्यामुळे मलाही.

ही गोष्ट आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली तेव्हापासूनची.

तोवर आमचं तसं बरं चाललं होतं. मालकांनी माझ्यावर कधी जबरदस्ती केली नाही, हे आधीच सांगते, कारण कामावर मी उलटंही पुष्कळ ऐकलेलं आहे. पण त्यांनी कधी विचारलंही नाही, आणि मीही कधी काही सांगितलं नाही. दिवा बंद, पलीकडच्या खोलीत सासूबाई, मधली भिंत इतकी पातळ की त्यांनी कूस बदललेली कळायची. मी खाली, ते वर, दोघांनीही श्वास रोखलेला. थोड्या वेळात सगळं आटोपायचं आणि दोघांची तोंडं दोन भिंतींकडे. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात जसं झालं तसंच बाविसाव्या वर्षीही. दुसरं काही असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. बचतगटाची बैठक संपल्यावर बायका मोबाईल पुढे करून एकमेकींना काय दाखवतात आणि पदर तोंडात घालून का हसतात, ते मी पाहिलेलं होतं. पण ते आपल्यासाठी असेल असं कधी मनात आलं नव्हतं. ही पद्धत आम्ही दोघांनी निवडली होती असंही नाही. ती आधीपासूनच होती, जशी चूल कुठल्या कोपऱ्यात असायची हे ठरलेलं असतं.

मे महिन्यात आमच्याकडे बाळहिरड्याचा हंगाम असतो. रानातून हिरडा आणायचा, अंगणात वाळवायचा आणि गोण्या भरून विकायला न्यायचा. त्या दिवशी मालकांनी तीन घरांच्या गोण्या जीपच्या टपावर चढवल्या. चौथ्या घरची शेवटची गोणी खांद्यावर घेताना ते एकदम थांबले. ओरडले नाहीत. गोणी हळूच खाली सोडली आणि चाकाला टेकून बसले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "माझा डावा पाय हाय का बघ गं जागेवर."

पाय जागेवर होता, पण त्यात त्यांना काही कळत नव्हतं. दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या गाडीत आडवं घालून मंचरला नेलं. मणक्यातली गादी सरकली होती. ऑपरेशनची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले, पण तीन महिने सक्तीची विश्रांती, कमरेला पट्टा, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही.

त्या तीन महिन्यांत मी त्यांना जितका हात लावला तितका आधीच्या बावीस वर्षांत लावला नसेल. अंघोळ घालायची, पट्टा बांधायचा, कुशीवर वळवायचं, पायाची बोटं हलतात का पाहायचं. त्यांच्या पाठीवर उजव्या खांद्याखाली एक तीळ आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पण तो हात वेगळा होता. तो मी आजारी माणसाला लावत होते. त्यांनाही तो तसाच लागत होता, कारण अंघोळीच्या वेळी ते डोळे मिटून घ्यायचे.

दसऱ्याच्या सुमाराला ते थोडी थोडी गाडी चालवायला लागले. दिवाळी झाल्यावर एका पहाटे ते माझ्या अंथरुणावर आले. मलाही बरं वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होणार म्हणून. आम्हाला जे येत होतं तेच आम्ही करायला गेलो आणि मध्येच त्यांच्या कमरेत कळ आली. ते तसेच अडकले. पुढे जाता येईना, मागे येता येईना, कपाळावरचा घाम माझ्या गालावर पडत होता. मी कशीबशी खालून सरकून बाहेर आले आणि त्यांना आडवं केलं. त्यांच्या तोंडून आवाज निघाला होता, त्यामुळे भिंतीपलीकडून सासूबाईंनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, उंदीर होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. फरशी कडक आहे, पाठीला बरं पडतं, असं सासूबाईंना सांगितलं. मला काहीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

असं वर्ष गेलं. भांडण नव्हतं. पण चहा गार झाला म्हणून कपबशी आपटली जायची, मी फोनवर उपकेंद्रातल्या सिस्टरशी जास्त वेळ बोलले तर टीव्हीचा आवाज वाढायचा. सुट्टीला आलेली मुलगी मला एकदा म्हणाली, पप्पा असे का झालेत? मी म्हटलं, दुखतं त्यांना. ते खोटं नव्हतं. पण रात्री एकटी पडले की मला वाटायचं, दुखणं हे निमित्त आहे. दीडशे कुटुंबांच्या जन्ममरणाच्या नोंदी ठेवता ठेवता मी पन्नाशीकडे निघाले आहे, केस पिकले आहेत, आणि या माणसाला माझी गरज उरलेली नाही. पट्टा बांधण्यापुरतीच काय ती मी आहे.

पुढच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला गाडी चालवून त्यांची कंबर परत धरली. डॉक्टरांनी व्यायामासाठी मंचरलाच एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या दिवशी घोडेगावला माझी मीटिंग होती, ती लवकर संपली म्हणून मीही सोबत गेले. फिजिओ बाई तरुण, सत्तावीस-अठ्ठावीसच्या, हसऱ्या. त्यांनी मालकांना पालथं झोपवून, पाय उचलायला लावून तपासलं. झोप कशी लागते, गाडीत किती वेळ बसता, शौचाला बसताना त्रास होतो का, सगळं विचारून लिहून घेतलं. मग पेन खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "आणि काका, तुम्हा दोघांचे संबंध? त्या वेळी दुखतं का?"

मालक भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघायला लागले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी महिन्याला वीस घरांत हाच प्रश्न विचारणारी बाई, फरशीकडे बघत होते.

"बंद आहे का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. टेबलावरचा प्लास्टिकचा मणका त्यांनी हातात घेतला आणि कसा वाक दिला की गादीवर दाब येतो ते दाखवलं. आमची नेहमीची पद्धत काय असेल हे त्यांनी न विचारताच ओळखलं असावं, कारण त्या म्हणाल्या, वर राहून सगळा जोर कमरेतून येतो, तो सध्या नको. मग एका कोऱ्या कागदावर काड्यांची माणसं काढली. पहिल्या चित्रात दोघं एकाच कुशीवर, एकामागे एक, दोघांची तोंडं एकाच बाजूला, गुडघ्यांमध्ये उशी. दुसऱ्या चित्रात पुरुष उताणा, कमरेखाली टॉवेलची गुंडाळी, आणि बाई वर. त्या सांगत होत्या की प्रत्येकाची पाठ वेगळी असते, एका कुशीवर दुखेल तर दुसऱ्या कुशीवर नाही दुखणार, करून बघावं लागतं, दुखलं की थांबायचं. शेवटी म्हणाल्या, "हे कायमचं बंद ठेवायचं काही कारण नाही. फक्त बोलत राहा. तुम्ही सांगितलं नाही तर काकूंना कसं कळणार, कुठे दुखतंय ते?"

मालकांनी कागद घेतला नाही. मी घेतला आणि रजिस्टरमध्ये, लसीकरणाच्या यादीच्या मागे ठेवला.

परतीच्या वाटेवर गाडीत माणसं होती, त्यामुळे बोलायचा प्रश्न नव्हता. डिंभ्याला बरीचशी उतरली. मालक चहाला थांबले. धरणाचं पाणी भरपूर होतं, दोन माणसं जाळं सोडवत बसली होती. आम्ही दोघं तिकडेच बघत चहा प्यालो.

"आपल्या पोरीपेक्षा सात-आठ वरसानं मोठी आसंल," ते म्हणाले. "आन काका म्हणून काय काय सांगतीय."

मी म्हटलं, "मी पण लोकांच्या सासऱ्यादेखत सांगतेच की."

"तुझं येगळं हाय."

"काय येगळं?"

त्यांनी ग्लास ठेवला आणि गाडीकडे गेले.

त्यानंतर महिना गेला. कागद रजिस्टरमध्ये होता, रजिस्टर पिशवीत होतं आणि पिशवी खुंटीला. मी काही बोलले नाही, कारण मला वाटत होतं की पहिलं पाऊल त्यांनी टाकावं. तसं का वाटत होतं, ते आता नीट सांगता येत नाही. बहुतेक, ते नाही म्हणाले असते तर मला परत त्या घरात राहणं जड गेलं असतं.

मग एक दिवस मी वरच्या आळीला एका नव्या सुनेकडे गेले. बावीस-तेवीसची मुलगी, बारावी झालेली, बोलायला धीट. लग्नाला चार महिने झाले होते. मी नेहमीसारखी सुरुवात केली. मूल लगेच हवं आहे का, दोघांनी ठरवलं आहे का, नवऱ्याशी या विषयावर बोलणं होतं का. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून तिने मला विचारलं, "काकू, तुमचं होतं का वो बोलणं? काकांशी?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की माणसं बोलतात का, आणि बोलतात तर कशी. मी म्हटलं, होतं की. आणि उठले. पुढची दोन घरं करायची होती, ती न करताच खाली उतरले. वाटेत भाताच्या रिकाम्या खाचरात थोडा वेळ बसले. पंधरा वर्षं मी किती घरांत "होतं की" म्हणण्याच्या जिवावर बोलत आले, याचाच विचार करत होते.

संध्याकाळी मालक बाहेरच्या खोलीत सतरंजीवर व्यायाम करत होते. उताणे पडून गुडघे छातीशी घ्यायचे आणि दहा आकडे मोजायचे. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, गोठ्यात होत्या. मी दारात उभी राहून म्हटलं, "गुरुवारी आत्याबाई नणंदेकडं जाणार हायत. दुपारची फेरी लवकर उरका."

त्यांनी सहा, सात, आठ मोजले. दहा झाल्यावर गुडघे खाली ठेवले.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

गुरुवारी ते एक वाजता आले. जेवलो. जेवताना दोघंही पावट्याच्या भाजीबद्दल बोललो, कधी बोलत नाही इतकं. मग मी पुढचं दार लावलं. आमच्या वाडीत दिवसा दार लागत नाही. घरात माणूस असून दार लावलं तर एक तर कोणी आजारी असतं किंवा भांडण चाललेलं असतं. चाळीस-पंचेचाळीसची बाई, आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याबरोबर, आणि मी कडी आवाज न होऊ देता सरकवली, जणू काही चोरून करते आहे.

खाली दोन गोधड्या अंथरल्या. उश्या घेतल्या. कागदही काढला, कारण मला उशी नेमकी कुठे ते आठवत नव्हतं. ते उजव्या कुशीवर झाले, मी त्यांच्या पुढे. लगेच म्हणाले, टोचतंय. मग उठून डावी कूस. आता माझं तोंड खिडकीकडे. मी सांगायला लागले, गुडघा थोडा वर घ्या, उशी पुढं सरकवा, कंबर ताठ ठेवा, श्वास सोडा. ते सगळं ऐकत होते. मग मागून त्यांचा आवाज आला, "तुझ्या मीटिंगला आल्यावानी वाटतंय. सही कुठं करायची?"

मला हसू आलं. ते थांबेना. त्यांनाही आलं, आणि हसल्यामुळे त्यांच्या कमरेत कळ आली, तर ते "हसवू नको गं" म्हणत आणखी हसायला लागले. तेवढ्यात बाहेरून शेजारणीची हाक आली, ताई, तापाच्या गोळ्या हायत का? आम्ही दोघं एकदम गप्प. तिने कडी वाजवली, पुन्हा हाक मारली, मग स्वतःशीच काही पुटपुटत गेली. ती गेल्यावरही आम्ही तसेच पडून राहिलो, न हलता.

त्या दिवशी पुढे काही झालं नाही. ते म्हणाले, जमंल असं वाटत न्हाई आज. मी उठायला लागले तर त्यांनी हात माझ्या अंगावर तसाच ठेवला. म्हणाले, पड की जरा.

मग आम्ही बोललो. मला वाटतं, तोंडं एकाच बाजूला होती म्हणून बोलता आलं. समोरासमोर असतो तर मी त्यांचा चेहरा वाचत बसले असते आणि त्यांनी माझा. ते माझ्या मानेमागून बोलत होते आणि मी खिडकीतल्या उजेडाशी बोलत होते. ते म्हणाले, त्या पहाटे तू खालून सरकलीस तेव्हा तुझं तोंड मी पाहिलं. लई घाबरली व्हतीस. मला वाटलं, ही आता माझी सेवा करंल, पण तिला हे नको आसंल. सुटल्यासारखं वाटत आसंल तिला.

मी म्हटलं, "आन मला वाटलं, मीच नकोशी झालेय."

त्यांनी माझ्या अंगावरचा हात जरा घट्ट केला. मग म्हणाले, येडी का काय.

त्यानंतर मी जे म्हटलं ते बावीस वर्षं माझ्या आत होतं हे मला बोलेपर्यंत माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तुमी कधी इचारलं न्हाई, मला कसं वाटतं. एकदा पण न्हाई."

"तू पण कधी सांगितलं न्हाईस."

"इचारल्याशिवाय कसं सांगायचं?"

"मग आता इचारतो. सांग."

आणि मला सांगता येईना. माझ्याकडे जे शब्द होते ते सगळे प्रशिक्षणातले होते, तक्त्यावरचे, सरकारी. घरात वापरता येईल असा एकही शब्द माझ्याकडे नव्हता, आणि शिव्यांमधले शब्द मला वापरायचे नव्हते. शेवटी मी त्यांचा हात धरला आणि जिथं मला हवा होता तिथं ठेवला. मग म्हटलं, सावकाश.

पुढच्या गुरुवारी सासूबाई गेल्याच नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेल्या आणि त्या दिवशी जमलं. दोनदा थांबावं लागलं, एकदा त्यांच्या पायात मुंग्या आल्या म्हणून आणि एकदा उशी सरकली म्हणून. पूर्वी असं थांबावं लागलं असतं तर दोघांनाही लाज वाटली असती. आता ते सरळ म्हणत होते, थांब, इथं ओढतंय. मी म्हणत होते, असं बरं वाटतंय, असंच राहू द्या. पाठीमुळे घाई करताच येत नव्हती. मला त्या दिवशी कळलं की इतकी वर्षं मी जे पटकन आटोपून जावं असं मनात म्हणत होते ते मला आवडत नव्हतं म्हणून नव्हे, तर माझ्यापर्यंत ते पोचायच्या आधीच संपत होतं म्हणून. हे कळल्यावर आनंद झालाच, पण थोडं वाईटही वाटलं. बावीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. कोणावर राग धरावा असंही नव्हतं. त्यांनाही कोणी काही सांगितलं नव्हतं.

कागदावरच्या दुसऱ्या चित्राबद्दल मात्र आम्ही दोघंही बोलत नव्हतो. मालकांनी कागद पाहिला होता, पण मधोमध अशी घडी घातली होती की पहिलंच चित्र वर राहील. मी ते ओळखून होते. आमच्याकडे बाई जीपमध्ये पुढे बसली तरी लोक बघतात. बाई वर, हे चित्रातसुद्धा त्यांना सोसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची भीती वाटत होती. खाली असलं की काही करावं लागत नाही, चूक झाली तर ती आपली नसते.

उन्हाळ्यात माझा डावा खांदा आखडला. डाव्या कुशीवर मला पाच मिनिटं राहता येईना, आणि उजवी कूस त्यांना चालत नव्हती. दोन-तीन आठवडे असेच गेले. मग एका दुपारी, सासूबाई लग्नाला गेलेल्या, मालक फॅनकडे बघत म्हणाले, "ते दुसरं बघायचं का?"

मी टॉवेलची गुंडाळी केली, त्यांच्या कमरेखाली सरकवली. त्यांनी दंड डोळ्यांवर आडवा घेतला, अंघोळीच्या वेळी डोळे मिटायचे तसे. मीही पहिल्यांदा गोंधळले. गुडघे कुठे टेकायचे, भार कुठे द्यायचा, काही कळेना. एकदा तोल जाऊन माझा हात त्यांच्या छातीवर जोरात पडला. त्यांनी हुं केलं, पण दंड काढला नाही. हळूहळू मला कळायला लागलं की इथं वेग माझ्या हातात आहे, थांबायचं मी, सुरू करायचं मी. आणि दुपारचा उजेड होता. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि मी त्या वेळी त्यांचा चेहरा कधी पाहिलेला नव्हता. पांढरी खुंटं, कपाळावरची जुनी खूण, ओठ दाबून धरलेले. मी थांबले आणि बघत राहिले.

काही हललं नाही म्हणून त्यांनी दंड काढला.

"काय बघतीस?"

"तुमाला."

त्यांनी दंड परत डोळ्यांवर घेतला नाही.

त्यानंतर दोन दिवस ते गप्प गप्प होते. मला वाटलं, पुरुषाला लागलं असेल मनाला. तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी सांगितलं की कंबर अजिबात दुखली नाही, आधीच्यापेक्षा हेच बरं. एवढंच. मी कप उचलून आत गेले आणि मोरीपाशी उभी राहून एकटीच हसले.

याने घरातलं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. जेवायला ताट अजून मीच वाढते. जीपचा विमा कधी भरायचा, मुलीला पुण्यात नोकरीला पाठवायचं का, यात अजून त्यांचाच शब्द शेवटचा असतो, फक्त आधी मला विचारतात. अंथरूण मात्र आत आलं. सासूबाईंनी त्यावर काही विचारलं नाही. एकदा मला म्हणाल्या, बरं झालं, बाहेर गार वारा लागत व्हता त्याला. त्यांच्या बोलण्यात दुसरं काही होतं का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

कामात मात्र फरक पडला. वरच्या आळीतल्या त्या सुनेचं पहिलं बाळंतपण सिझरने झालं. तीन महिन्यांनी मी भेटीला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली की टाक्यांची भीती वाटते, नवऱ्याला नाही म्हणते, तो रुसून बसतो. पूर्वी मी तिला निरोधचं पाकीट देऊन, काळजी घे म्हणून निघाले असते. त्या दिवशी मी तिच्या नवऱ्याला आत बोलावलं. तो दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत उभा राहिला. मी तक्ता काढला नाही. मी त्याला सांगितलं की तिला कुठं दुखतं ते तिलाच विचार, आणि टाक्यांवर भार येणार नाही अशा पद्धती असतात, कुशीवर झोपून, सावकाश. तू घाई केलीस तर ती दर वेळी घाबरेल. त्याचे कान लाल झाले होते, पण तो निघून गेला नाही. मग त्या मुलीने मला परत विचारलं, तुमचं होतं का बोलणं? मी म्हटलं, आता होतं. आधी नव्हतं होत.

मालकांनीही एकदा सांगितलं. घोडेगावच्या स्टँडवर त्यांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर आहे, त्यालाही गादीचा त्रास. तो गाडीला टेकून म्हणत होता, राव, आता सगळंच बंद झालंय, बायको पण बोलत न्हाई. बाकीचे हसले. तो एकटा राहिल्यावर मालकांनी त्याला त्या फिजिओ बाईंचा पत्ता दिला आणि म्हणाले, समदं इचार, लाजू नको, बायकोला संगं ने. हे मला सांगताना ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

मी हे लिहिते आहे असं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी किती पानं झाली ते विचारलं. मग म्हणाले, नाव टाकू नको कुणाचं. मी म्हटलं, नाही टाकत. पुन्हा म्हणाले, उंदराचं लिहिलंस का? मी हो म्हटलं.

गेल्या पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत त्यांची कंबर परत गेली. पंधरा दिवस गाडी बंद होती. पण या वेळी ते बाहेरच्या खोलीत गेले नाहीत. माझ्या शेजारी पडून सरळ सांगतात, आज न्हाई जमणार. मीही सांगते, अंग मोडून आलं असेल तेव्हा. लग्न झाल्यापासून मी हे कधी म्हटलं नव्हतं, झोपेचं सोंग घ्यायचे. आता दोघांपैकी कोणीही तसं म्हटलं की आम्ही तसेच पडून राहतो आणि मुलीच्या परीक्षेबद्दल, भातावर पडलेल्या करप्याबद्दल बोलत बसतो, सासूबाई भिंतीपलीकडून झोपा आता म्हणेपर्यंत.